टायगर वुड्सचा सर्वांत जबरदस्त मोसम कोणता, २००० की २००६-०७?

तुमचा मुद्दा असा की २००० मध्ये टायगरने पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेत, २० पैकी ९ स्पर्धा जिंकल्या, २००६ मध्ये मात्र १५ पैकी ८. टक्केवारी २००६ ची जास्त, मग सगळे २००० चंच नाव का घेतात?

टक्केवारीनेच ठरवायचं तर २००८ ला पहिला नंबर द्यावा लागेल, ६ पैकी ४! पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो मोसम जूनमध्येच आटोपला. म्हणून मी जिंकलेल्या स्पर्धा मोजत बसत नाही. खेळ बिघडला त्या दिवशी त्याचं काय झालं, ते बघतो.

पेबल बीच, २००० ची यूएस ओपन, तिसरी फेरी. तिसऱ्या होलवर, पार ४ असताना (पार म्हणजे अपेक्षित फटके; जितके कमी तितकं चांगलं), त्याला ७ फटके लागले. ट्रिपल बोगी, म्हणजे पारपेक्षा तीन जास्त. एरवी यूएस ओपनमध्ये एवढ्या चुकीने माणूस स्पर्धेतून उठतो. हा शेवटी १५ फटक्यांनी जिंकला. तो पारच्या १२ खाली, दुसऱ्या क्रमांकावरचे एल्स आणि हिमेनेझ पारच्या ३ वर. अख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली तो एकटाच. त्याच वर्षी मास्टर्सची सुरुवात ७५ फटक्यांच्या खराब फेरीने केली, तरी पाचवा आला. आणि व्हलहालाच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये बॉब मेने चारही फेऱ्यांच्या ७२ होलअखेर त्याची बरोबरी केली, तेव्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी तोडणाऱ्या जादा होलमध्ये, काम तमाम.

आता २००७ घ्या. गंमत म्हणजे त्याची समायोजित सरासरी (मैदान किती अवघड होतं ते धरून काढलेली फेरीमागच्या फटक्यांची सरासरी) २००० आणि २००७ या दोन्ही वर्षी अगदी सारखी होती, ६७.७९. कागदावर खेळाडू तोच. पण मास्टर्स २ फटक्यांनी हुकली, यूएस ओपन एका फटक्याने. पेबल बीचवरच्या त्या पंधरातले पाच उसने मिळाले असते तर दोन्ही त्याच्याच! सरासरीत हे दिसत नाही, कारण फटके कुठल्या आठवड्यात वाचले ते ती सांगत नाही.

२००६ बद्दल बोलताना थोडं जपून बोलायला हवं. मे महिन्यात वडील गेले. दीड महिन्याने विंग्ड फूटवरच्या यूएस ओपनमध्ये ७६, ७६ आणि कट चुकला, म्हणजे शेवटच्या दोन फेऱ्या खेळायलाच मिळाल्या नाहीत. व्यावसायिक झाल्यापासून मेजरमध्ये, म्हणजे मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या चार मोठ्या स्पर्धांत, पहिल्यांदाच. याला वाईट खेळ म्हणणं मला तरी जमत नाही, पण मोसमाच्या हिशेबात तो आठवडा येतोच.

त्यानंतरचं मात्र विलक्षण आहे. हॉयलेकच्या ब्रिटिश ओपनपासून वर्षअखेरपर्यंत पीजीए टूरवर खेळलेल्या सहाच्या सहा स्पर्धा जिंकल्या. हॉयलेकला मैदान उन्हाने करपून तपकिरी झालं होतं, चेंडू पडला की घरंगळत कुठल्या कुठे जायचा. त्याने ७२ होलमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, फक्त एकदा वापरली. बाकी टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, लांब आयर्न (ड्रायव्हरपेक्षा कमी लांब जाणारी काठी), बंकरच्या अलीकडेच चेंडू ठेवायचा आणि तिथून हिरवळीपर्यंतचा लांब पल्ला निमूट स्वीकारायचा. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एकाने ही बेरीज-वजाबाकी चार दिवस सोडली नाही. शेवटचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका, घातला आणि कॅडीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

त्यामुळे पूर्ण मोसम म्हणाल तर माझं मत २००० ला. अर्धा मोसम चालणार असेल, तर २००६ चा उत्तरार्ध.