‘सेस्क्विपिडेलियन’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय आणि ते कुठून आले?

एका इंग्रजी परीक्षणात लेखकाच्या शैलीला ‘सेस्क्विपिडेलियन’ म्हटलेले आपल्या वाचनात आले आणि त्या शब्दाचा अर्थ व उगम आपण विचारला आहे. हे विशेषण शब्दाला लावले तर ‘फार लांबलचक, अनेक अवयवांचा (म्हणजे उच्चारखंडांचा, सिलॅबल्सचा)’ असा अर्थ होतो, आणि लेखकाला किंवा शैलीला लावले तर ‘असे शब्द वापरण्याची हौस असलेली’ असा. परीक्षणात ते आले असेल, तर ती स्तुती नसून चिमटा आहे, असे समजायला हरकत नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे: दीड फुटी. ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड आणि ‘पेस’ म्हणजे पाऊल. हा ‘पेस’ आपल्या ‘पद’, ‘पाद’ यांचा सख्खा भाऊबंद. रोमन गवंडी सुमारे ४४ सेंटिमीटर बाजूच्या चौरस विटेला याच नावाने ओळखत, कारण रोमन फूट जेमतेम साडेएकोणतीस सेंटिमीटरांचा होता.

विटेचे हे माप शब्दाला चिकटवले ते होरेस या कवीने. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आर्स पोएटिका’ या काव्यात तो म्हणतो की, शोकनाट्यातील टेलिफस आणि पेलेउस हे दरिद्री, देशोधडीला लागलेले नायक प्रेक्षकाच्या काळजाला हात घालू पाहतात, तेव्हा ते आपल्या फुगीर कुप्या आणि ‘सेस्क्विपेडालिया वेर्बा’, म्हणजे दीड दीड फुटी शब्द, फेकून देतात. कुप्या म्हणजे अर्थातच पोकळ, फुगवलेली भाषा. लॅटिन शिकलेल्या इंग्रज विद्वानांना ही ओळ तोंडपाठ असे आणि तिच्यातूनच सतराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत आले. थट्टेचा सूर त्याने सोबतच आणला. शिवाय ते स्वतःच सहा अवयवांचे असल्यामुळे आपल्या अर्थाचे चालतेबोलते उदाहरण आहे.

‘सेस्क्वि’ इंग्रजीत अन्यत्रही भेटते. दीडशेव्या वर्धापनाला ‘सेस्क्विसेंटेनियल’ म्हणतात. ‘सेस्क्वि’ची फोड ‘आणि अर्धा’ अशी होते. आपले ‘दीड’ मात्र संस्कृत ‘द्व्यर्ध’पासून प्राकृत ‘दिवड्ढ’मार्गे आले आहे, म्हणजे पहिला पूर्ण, दुसरा अर्धा.

मराठीत यासाठी शब्दकोशातला ‘दीर्घशब्दप्रिय’ छापाचा प्रतिशब्द मला रुचत नाही, कारण त्यातला चिमटाच निघून जातो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून पाहा. हा आपला ‘हात’, दोन वितींचा, अठरा इंचांचा, म्हणजे बरोबर दीड फूट. त्यामुळे शब्दाविषयी बोलायचे असेल तेव्हा मी ‘हातभर लांब’ म्हणेन. आपल्या परीक्षणातल्या शैलीसाठी मात्र ‘शब्दबंबाळ’ अधिक चपखल बसेल.