जुन्या जीपच्या फ्लोअरचा गंजलेला पत्रा, खालची चौकट न दुखावता कसा काढावा?

चौकट शाबूत ठेवायची असल्याने ग्राइंडर सर्वांत शेवटी हाती घ्यावा. प्रथम तारेच्या ब्रशने रंग व गंज काढला, की स्पॉट वेल्डचे, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याएवढ्या जागी वितळवून जोडल्याचे, गोल ठसे दिसू लागतात. प्रत्येक ठशाच्या मध्यावर सेंटर पंच (टोकदार पोलादी दांडी) ठोकून खूण करावी आणि ड्रिलला लावलेला 8 मिलिमीटरचा स्पॉट वेल्ड कटर कमी वेगाने, तेलाचा थेंब सोडत चालवावा आणि केवळ वरचा पत्रा कापला जाताच थांबावे. थांबण्याचा हा क्षण ओळखणे हेच खरे कौशल्य आहे; कापलेल्या खाचेत गंजाची बारीक तपकिरी रेषा दिसली, की दोन पत्र्यांमधील सांधा आला असे समजावे. नागपुरात हिंगणा एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमध्ये नव्या मुलाला आधी भंगार पत्र्यावर हाच सराव देतो, कारण चौकटीला पडलेले भोक पुन्हा भरण्यात फार वेळ जातो. त्यानंतर पातळ छिन्नी सांध्यात सारून पत्रा उचलावा आणि चौकटीवर उरलेली वेल्डची गाठ ग्राइंडरला लावलेल्या फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पट्ट्यांच्या चकतीने) सपाट करावी.

नवा पत्रा कापताना लाल मुठीची कात्री डाव्या वळणासाठी, हिरवी उजव्या वळणासाठी वापरावी. 1 मिलिमीटरची कटिंग डिस्क जलद कापते, पण पातळ पत्रा तापवून वाकवते. चष्मा व हातमोजे मात्र अजिबात टाळू नयेत.