हिमदंश: दुखायचं थांबलं की सावध व्हा

बर्फात खेळणारं मूल मघापासून "बोटं दुखताहेत" म्हणून कुरकुरत होतं आणि आता गप्प झालंय? त्याचे हातमोजे लगेच काढून बघा. थंडीनं आधी झिणझिण्या येतात, मग ठणकतं आणि बधिरपणा आला की दुखायचंही थांबतं. हिमदंशात, म्हणजे थंडीनं कातडी आणि तिच्या आतला भाग गोठतो तेव्हा, कातडी पांढरी पडते असं आपण वाचलेलं असतं, पण गव्हाळ-सावळ्या रंगावर ती राखाडी, मेणचट दिसते. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, हलकेच दाबून बघा. वरून कडक, आत मऊ लागलं तर इजा बहुधा वरवरची. बोट लाकडासारखं टणक असेल तर ती खोलवर गेली आहे.

छाती-पोटातली ऊब टिकवायला शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. ओले मोजे, घट्ट बूट, धूम्रपान आणि मधुमेह यांनी धोका आणखी वाढतो. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ अंशांखाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते.

माणूस बरळत असेल, पेंगत असेल तर आधी रुग्णवाहिका बोलवा. अंगाची ऊब आधी, बोटं नंतर.

हात चोळायचा मोह होतो, पण चोळू नका. आतले बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. हीटरजवळही नेऊ नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. अंगठ्या काढा आणि ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात १५ ते ३० मिनिटं, बोट मऊ आणि लालसर-जांभळं होईपर्यंत बुडवा. पाणी थर्मामीटरनं मोजा, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावं. पाणी निवतंच, गरम पाणी घालताना हात बाहेर काढा. या वेळी असह्य ठणका लागतो, तो रक्त परतल्याचा. मात्र वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूच नका. वितळून परत गोठलेलं बोट वाचणं फार अवघड.

फोड फोडू नका. स्वच्छ पाण्याचे फोड त्यातल्या त्यात बरे, रक्ताळलेले म्हणजे खोल इजा. अशा वेळी सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा: रक्तवाहिन्यांतल्या रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध वितळल्यापासून २४ तासांच्या आतच उपयोगी पडतं. बोट काळं पडलं तरी सर्जन बहुधा काही आठवडे थांबतात, कारण मेलेला भाग कुठवर आहे ते लगेच ठरत नाही. या थांबण्याला हलगर्जीपणा समजू नका. लहान मुलांत हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झाली असेल, तर बोट आखूड किंवा वाकडं राहिल्याचं काही वर्षांनी दिसतं. म्हणून जखम भरली तरी डॉक्टरांकडे तपासणी चालू ठेवा.