फिल संपल्यावर काय होतं ते ऐका

प्रश्न : आमचा पाच जणांचा रॉक बँड आहे, मी बेस वाजवतो. आमचा ड्रमर जबरदस्त फास्ट आहे, सोलो सुरू केला की लोक मोबाईल काढून शूट करतात, पण गाणं वाजवताना मात्र काहीतरी हलतं, बसत नाही. मी बोललो की तो म्हणतो तुला ड्रम्समधलं काय कळतं. त्यात गिटारिस्ट म्हणतो की रिंगो स्टारसुद्धा अगदी साधाच होता, खुद्द जॉन लेनन म्हणाला होता की रिंगो बीटल्समधलाही बेस्ट ड्रमर नाही. मग रॉकमधला खरा भारी ड्रमर ओळखायचा तरी कसा?
– एक वैतागलेला बेसिस्ट

उत्तर : आधी ते लेननचं वाक्य निकालात काढू, कारण अधूनमधून कुणी ना कुणी ते मला ऐकवतंच. लेनन असं बोलल्याचा काहीही पुरावा नाही, 1980 नंतर ब्रिटनमधल्या कॉमेडीवाल्यांकडून ते पसरलं आणि मग त्याच्या नावावर खपायला लागलं. खरं काय घडलं होतं ते ऐका. ऑगस्ट 1968 मध्ये बीटल्सच्या व्हाइट अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना रिंगो वैतागून चक्क बँड सोडून गेला होता, त्याच्यामागे 'बॅक इन द यूएसएसआर' या गाण्यासाठी बेसिस्ट पॉल मॅकार्टनीला ड्रम्सवर बसावं लागलं, आणि रिंगो परत आला तेव्हा त्याचं किट, म्हणजे ड्रम्सचा अख्खा सेट, फुलांनी सजवून ठेवलं होतं. कामचलाऊ ड्रमरसाठी कोण एवढं करतं हो?

आता मुद्द्यावर येतो. तुमचा ड्रमर फिल कसा मारतो ते सोडा, फिल संपल्यावर जो पुढचा बार, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, येतो ना तो ऐका. एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे टॉम्सवरून, म्हणजे किटमधल्या घुमणाऱ्या ड्रम्सवरून, जो गडगडाट होतो तो फिल, आणि तो व्हिडिओ बघून घासून घासून कुणालाही बसवता येतो. पण समेवर क्रॅश, म्हणजे मोठी झांज, वाजल्यावर ठेका आधी होता तिथेच, त्याच स्पीडने, त्याच वजनाने परत बसला का? फास्ट वाजवणारी बरीच मंडळी फिलमध्ये तापतात, समेवर केसभर लवकर पोचतात आणि मग बिचाऱ्या बेसवाल्याला पुढचा अख्खा बार त्यांच्यामागे पळावं लागतं. तुम्हाला जे 'हलतं' असं वाटतंय ते बहुतेक हेच असणार, आणि ते सगळ्यात आधी बेसिस्टलाच जाणवतं, म्हणजे तुम्हाला ड्रम्समधलं कळतं, सांगा त्याला.

दुसरी गोष्ट बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा स्नेअर, तो कडक आवाजाचा छोटा ड्रम. ड्रमर चार्ली वॉट्सचे रोलिंग स्टोन्सच्या कॉन्सर्टमधले व्हिडिओ लावा आणि फक्त त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहा. बहुतेक ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, बारमध्ये आठ टोले सलग मारतात, हा माणूस दोन आणि चारला उजवा हात हॅटवरून उचलूनच घेतो, त्यामुळे तेवढ्या क्षणाला नुसता स्नेअर ऐकू येतो आणि ठेक्यात एक बारीकशी फट राहते, त्या फटीत कीथ रिचर्ड्सची गिटार आरामात पाय पसरून बसते. बाकी बँड ड्रमरच्या मागे चालतात, इथे ड्रमर गिटारच्या मागे चालतो, आणि तरी ठेका सुटत नाही. 1963 पासून 2021 मध्ये त्याचं निधन होईपर्यंत तो त्या बँडमध्ये होता आणि ड्रम सोलो त्याला कधी आवडला नाही. रिंगोचंही तेच, बीटल्सच्या सगळ्या अल्बममध्ये मिळून त्याचा सोलो म्हणावा असा एकच, 1969 च्या 'ॲबी रोड'वर 'द एन्ड'मध्ये, तोही काही सेकंदांत आटोपतो.

रिंगोचं अजून एक म्हणजे तो डावखुरा, पण किट मात्र उजव्या हाताने वाजवणाऱ्यासारखं लावलेलं, त्यामुळे वरच्या टॉमवरून जमिनीवर उभ्या असलेल्या फ्लोअर टॉमकडे जाताना त्याचे हात वेगळ्याच क्रमाने पडतात आणि त्याचे फिल दुसऱ्या कुणासारखे वाटत नाहीत. बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' लावा. टॉम्स लेननच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत येतात, शब्दांवर चढत नाहीत. हा माणूस गाणं ऐकत ऐकत वाजवतोय हे तिथे लगेच कळतं, आणि माझ्या मते ही गोष्ट स्पीडपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ती म्हणजे ड्रमरच्या दोन हातांचा आणि दोन पायांचा आपसातला बॅलन्स. लेड झेपलिन या बँडचं 1971 चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं घ्या. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी हॉलमध्ये त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅमचं किट मांडलं आणि इंजिनियर अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन माइक लटकवले. म्हणजे प्रत्येक ड्रमला वेगळा माइक नाही, मग नंतर मिक्स करताना किक (पायाने वाजणारा बास ड्रम) जरा वर घे, हॅट जरा खाली घे असलं काही करायची सोयच नाही. ऐकू येतो तो बॅलन्स बॉनहॅमने वाजवतानाच केलेला आहे. लोक म्हणतात तो जोरात वाजवायचा, वाजवायचाच, पण कुठला ड्रम किती जोरात हे त्याला पक्कं माहीत होतं.

तुमच्या ड्रमरची परीक्षा पण अशीच घ्या. प्रॅक्टिस रूमच्या लांबच्या कोपऱ्यात एक फोन ठेवा आणि अख्खं गाणं रेकॉर्ड करा. नुसती सिंबल्सची, म्हणजे झांजांची, चळचळ ऐकू आली आणि किक गायब असेल तर प्रॉब्लेम सापडला. रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवा, वर तुम्ही काही बोलू नका, भांडण वाचेल.

या सगळ्याच्या वरची पायरी घोस्ट नोट्सची, स्नेअरवर काडी जेमतेम टेकवून काढलेले बारीक टोले, जे वेगळे ऐकू येत नाहीत पण काढून टाकले तर ठेका एकदम कोरडा वाटतो. टोटो या बँडच्या 1982 च्या 'रोझॅना' गाण्यात त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारोने हे काय सुंदर केलंय. त्याने ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल, म्हणजे झुलता ठेका, आणि झेपलिनच्या 'फूल इन द रेन'मधला बॉनहॅमचा ठेका एकत्र केला, खाली किकमध्ये गायक-गिटारिस्ट बो डिडलीचा ठेका घातला, आणि हे कुठून कुठून उचललं ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं. हेडफोन लावून नुसता स्नेअर ऐका, मोठ्या टोल्यांच्या मधे केवढी कुजबुज चाललीय ते कळेल.

आता तुमचा ड्रमर म्हणेल, मग द हूचा ड्रमर कीथ मूनचं काय, तो तर सगळीकडे फिलच मारत सुटायचा! बरोबर आहे, पण द हू या बँडची रचनाच उलटी होती, पीट टाऊनशेंडची ऱ्हिदम गिटार ठेका पकडून ठेवायची आणि जॉन एन्टविसल बेसवर लीड वाजवल्यासारखा वाजवायचा, म्हणून मूनला तेवढं मोकळं रान मिळालं. तुमच्या बँडमध्ये ठेका पकडायला दुसरं कोणी आहे का? नसेल तर मून व्हायचा हट्ट सध्या बाजूला ठेवायला सांगा.

प्रश्न : मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्राची क्लिक लावून वाजवलं की वाजवण्यातला जीव जातो असं आमच्या ड्रमरचं म्हणणं आहे. खरंय का?
– कीबोर्ड वाजवणारी एक वाचक

उत्तर : ज्याला क्लिकची सवय नसते त्याचा जातो, कारण तो क्लिकचा पाठलाग करत बसतो. वर ज्या कीथ मूनचं नाव आलं, रॉकमधला सगळ्यात बेफाम ड्रमर, त्याने द हूच्या 1971 च्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये आधीच रेकॉर्ड केलेल्या सिंथेसायझरच्या ट्रॅकवर ड्रम्स वाजवलेत, आणि स्टेजवर पण कानाला हेडफोन लावून तोच ट्रॅक ऐकत वाजवायचा. ट्रॅक एक सेकंद त्याच्यासाठी थांबणार नव्हता. ऐका आणि सांगा कुठे जीव गेलाय. क्लिकवर घरी भरपूर वाजवावं, स्टेजवर लावायचा की नाही हे गाण्यावर ठरवावं, कोरसला बँड किंचित पुढे सरकतो ते कधीकधी छानच वाटतं, फक्त ते सगळ्यांनी मिळून सरकायला हवं.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे, ड्रम्स शिकतोय. डबल पेडल (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं पेडल) घेतल्याशिवाय भारी वाजवता येणार नाही असं मित्र म्हणतात. घेऊ का?

उत्तर : तुला मेटल वाजवायचं असेल तर आज ना उद्या लागेलच, त्यात वाद नाही. पण आत्ता थांब. लेड झेपलिनच्या 1969 च्या पहिल्या अल्बमवरचं पहिलंच गाणं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' लाव आणि किक ऐक, ती धावणारी ट्रिपलेट्स (तिनाच्या गटातले टोले) बॉनहॅमने एकाच पेडलवर, एकाच पायाने काढलीत, भल्याभल्यांना वाटलं होतं दोन बास ड्रम असणार. तसलं काही लगेच जमणार नाही, पण मेट्रोनोम 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 टिकटिकींवर, लावून उजव्या पायाचे दोन टोले सारख्याच आवाजात येतात का एवढं रोज बघ. बऱ्याच जणांचा दुसरा टोला पहिल्यापेक्षा हलका पडतो, आणि डबल पेडल घेतलं की डावा पाय त्याहूनही हलका पडतो. आधी हे दोन टोले सारखे येऊ देत, मग पैसे साठव.