विद्यापीठात शिकताना शैक्षणिक लेखन आणि सादरीकरण कसे सुधारावे?

आपण एम.ए.च्या पहिल्या वर्षात आहात, लघुशोधप्रबंध मराठीतून लिहिणार आहात आणि ‘भाषा शास्त्रीय वाटत नाही’ असा शेरा आपल्याला मिळाला आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. हाच शेरा २००९ साली मला मिळाला होता. त्याप्रमाणे मी भाषा शास्त्रीय केली आणि त्यामुळेच माझी तोंडी परीक्षा बिघडली, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

भूगोलाच्या एम.ए.साठी मी माण तालुक्यातील आमच्या गावच्या ४२ विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही महिन्यांत मोजली होती. टेपच्या टोकाला छोटा दगड बांधून तो आत सोडायचा, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की कठड्यापाशी आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, कारण पातळी जमिनीपासून किती खाली आहे अशी नोंदवतात. ऑक्टोबरमध्ये मी तापाने झोपून होतो, तेव्हा वाडीकडच्या ११ विहिरी माझ्या चुलतभावाने मोजल्या. कच्च्या मसुद्यात मी तसेच लिहिले होते: ‘ऑक्टोबरमध्ये ३१ विहिरी मी मोजल्या, ११ माझ्या चुलतभावाने मोजल्या.’ मार्गदर्शक सरांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘प्रबंधात मी, माझा येत नाही.’ शेवटी टंकलिखित प्रतीत वाक्य गेले ते असे: ‘निवडलेल्या ४२ विहिरींच्या पाणीपातळीचे मोजमाप करण्यात आले.’

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी ऑक्टोबरच्या तक्त्यावर बोट ठेवले. वाडीकडच्या विहिरींची पातळी आसपासच्या विहिरींपेक्षा सरसकट पाऊण मीटर खोल दिसत होती, आणि त्यामागे खडकाच्या सच्छिद्रतेचे कारण मी दोन पाने भरून मांडले होते. त्यांनी एवढेच विचारले, ‘हे आकडे कठड्यापासूनचे आहेत की जमिनीपासूनचे?’ मला उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर चुलतभावाला विचारले, तेव्हा त्याने कठड्याची उंची वजा केलीच नव्हती हे कळले. चूक त्याची नव्हती. मी त्याला ते सांगितले नव्हते. पण मूळ वाक्य कागदावर राहिले असते, तर दोन माणसांची मोजण्याची पद्धत एकच होती का, हा प्रश्न बांधणीच्या आधीच कोणीतरी, कदाचित सरांनीच, विचारला असता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’, ‘दिसून येते’ या क्रियापदांनी लेखन शास्त्रीय होत नाही. काम कोणी केले आणि कसे केले, हे मात्र त्यांच्याआड झाकले जाते. सर सांगत की शास्त्रीय लेखनात जगभर प्रथमपुरुष वर्ज्य आहे. तसे अजिबात नाही. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ सालचा ‘नेचर’मधील लेख ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होतो. सामाजिक शास्त्रांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धतीही स्वतः केलेल्या कामासाठी प्रथमपुरुषच वापरायला सांगते. हे तेव्हा मला माहीत असते, तर मी ती ओळ सोडली नसती.

आपण लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून न करता अभ्यासपद्धतीच्या प्रकरणापासून करा, आणि तेही क्षेत्रभेटीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी लिहायला घ्या. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आपल्या विषयाचे चारपाच प्रबंध उघडून त्यांतील फक्त हे प्रकरण वाचा आणि तेवढ्या मजकुरावरून तेच काम आपल्याला पुन्हा करता येईल का, हे तपासा. वाङ्मयचौर्याबाबतच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होते. या आकड्यांच्या धास्तीने विद्यार्थी ‘पाणी’ काढून ‘जल’ आणि ‘वाढ’ काढून ‘वृद्धी’ घालत बसतात. त्याने विचार दुसऱ्याचाच राहतो आणि वाक्य तेवढे वाचवेनासे होते. पुस्तक मिटून, समजले तेवढेच आपल्या शब्दांत लिहावे आणि ज्याचे आहे त्याचे नाव द्यावे.

सादरीकरणाबद्दल थोडेच सांगतो. पंधरा मिनिटांसाठी मी २८ स्लाइड केल्या होत्या आणि त्या पडद्यावरून वाचून दाखवल्या. परीक्षकांनी मध्येच खडू हातात देऊन विहिरीचा छेद काढायला सांगितला, तेव्हा कठडा, जमीन आणि पाणी या तीन रेघा फळ्यावर उमटताच मागच्या बाकावरची मुलेही पुढे झुकून पाहू लागली. आता मी स्वतः भूगोल शिकवतो आणि विद्यार्थ्यांना पहिली दोन मिनिटे पडद्याविना बोलायला लावतो. सराव वर्गमित्रांपुढे न करता दुसऱ्या विषयाच्या मित्रापुढे करावा, कारण तो समजल्यासारखी मान डोलावत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. काही विभागांत ‘करण्यात आले’ अशा कर्मणी प्रयोगाचा आग्रह आजही धरतात, आणि गुण त्यांच्याच हाती असल्यामुळे तिथे वाद न घालता कोण, केव्हा, कशाने आणि कुठून मोजले याचा वेगळा तक्ता परिशिष्टात जोडावा. शिवाय कर्ता महत्त्वाचा नसेल, तिथे हा प्रयोग योग्यच असतो. १९७२ च्या दुष्काळात गावात पाझर तलाव बांधण्यात आला, असे लिहिण्यात काहीच गैर नाही. त्या तलावाखालच्या विहिरी कोणी मोजल्या, हे मात्र नावानिशी लिहावे.