सरकारी रुग्णालयांचा कारभार ऑनलाइन जाहीर केल्याने पारदर्शकता खरंच वाढते का? पोर्टल कसं असावं?

वाढते, पण नुसत्या पोर्टलने नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४(१)(ख) मधले १७ मुद्दे कार्यालयाने कुणी न मागता जाहीर करायचे असतात, ४(२) मध्ये तर इंटरनेटचं नावही आहे. आता जवळच्या रुग्णालयाची ती पीडीएफ शोधून बघा. बदली होऊन गेलेले साहेब त्यात अजून जनमाहिती अधिकारी असतील.

मी सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता होतो, म्हणून औषधांपुरतं बोलतो. ई-औषधी ही औषधसाठ्याची सरकारी संगणकप्रणाली आल्यावर आमचा साठा संगणकावर गेला. बॅच, मुदत, शिल्लक, सगळं. पण लॉगिन आमचं. केसपेपर घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काय दिसणार?

एकदा कुत्रा चावलेल्या नातवाला घेऊन एक आजी आल्या. त्यांच्या हातात चिठ्ठी दिली गेली : लस संपली, बाहेरून आणा. भांडाराच्या फ्रिजमध्ये तेव्हा लस होती. इंजेक्शन रूममधली संपली होती, आणि मागणीपत्र करणाऱ्या सिस्टर रजेवर, त्यामुळे भांडारातून कुणी मागितलीच नव्हती. संगणकावर साठा बरोबर, खोलीतला रिकामा डबाही बरोबर, आणि आजी मेडिकलच्या वाटेवर. गेटपाशी गाठून त्यांना परत आणलं.

मग मी नेहमीच्या औषधांची शिल्लक रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहायला लागलो. भांडारात किती, खिडकीवर किती, असे दोन रकाने. अधीक्षकांचं म्हणणं, ‘लोकांना आकडे दाखवले की भांडणं वाढतात.’ वाढली ना! सुरुवातीला रोज कुणीतरी फळ्याकडे बोट दाखवून हुज्जत घालायचं. पण बाहेरच्या चिठ्ठ्या त्यानेच कमी झाल्या. पुढे एका तपासणीच्या आधी ‘भिंत वाईट दिसते’ म्हणून फळा उतरवला. भिंत!

तेव्हा पोर्टलवर हेच दोन रकाने हवेत, शेवटची नोंद कधी झाली ती तारीख-वेळ हवी आणि बाहेरून आणायला लावलेल्या औषधांची यादी हवी. ही शेवटची यादी कुणी आपणहून टाकणार नाही, आणि का ते तुम्हाला कळतंच. ‘आपल्याकडे शक्य नाही’ हे मला सांगू नका. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं आणि गोदामांचा हिशेब संगणकावर आणला.

हां, रुग्णाचं नाव आणि आजार कुठेही दिसता कामा नये. आणि एकटा माणूस अख्खी ओपीडी सांभाळत असेल तर नोंदी उशिरा होणारच, लगेच चोर ठरवू नका.

माहिती मागायची झाली तर ‘औषधसाठ्याची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. औषधाचं नाव आणि महिना लिहून भांडार नोंदवही आणि वाटप नोंदवही, दोन्ही पाहायला मागा. नोंदवही बघणं कायद्यातच बसतं, नुसत्या झेरॉक्सवर समाधान मानू नका. आकडे जुळले नाहीत तर खाली कळवा, अपिलात काय लिहायचं ते सांगतो.