मला कुमार सानूची झंकारवाली गाणी आवडतात, मित्र हसतात. ही गाणी खरंच टुकार आहेत का?

टुकार नाहीत.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात कोणी शेजारी येऊन बसलं की तुम्ही पटकन गाणं बदलता. ते वाचलं आणि राहवलं नाही. बदलू नका.

माझे बाबा ३१ वर्षं टॅक्सी चालवायचे. गाव जुन्नर तालुक्यात, मुंबईत आम्ही घोडपदेवला चाळीत. काळी-पिवळी पद्मिनी, पाळी रात्रीची. गाडी मालकाची, डेक मात्र बाबांचा. मालक बदलला की बाबा डेक आणि मागचे दोन स्पीकर काढून घरी आणायचे आणि नव्या गाडीत बसवायचे.

झंकार म्हणजे काय हे हसणाऱ्यांना माहीत नसतं. मूळ गाण्यावर ढोलक, ऑक्टोपॅडचे (इलेक्ट्रॉनिक ड्रमचे) ठोके आणि एको चढवून कंपन्या तीच गाणी वेगळ्या कॅसेटवर विकायच्या. दार लावून शांत खोलीत ऐकलं तर ते ठोके अंगावर येतात, कबूल. पण ती खोलीत ऐकायची गोष्टच नाही. चारही काचा खाली, पुढे डिझेलचं इंजिन, शेजारी बेस्टची बस. त्यात मूळ गाण्यातला तबला कुठल्या कुठे जातो, ढोलकची टणक थाप तेवढी पोचते. रात्री अडीच-तीनला व्हीटीच्या स्टँडवर रांगेत गाडी लावून भाड्याची वाट बघत बसलेल्या माणसाला ती थाप जागं ठेवते. बाबांनी अशा गाण्यांची नव्वद मिनिटांची एक कॅसेट भायखळ्याच्या दुकानातून भरून घेतली होती. कागदावर निळ्या शाईत स्वतः नाव लिहिलं होतं, ‘रात्रपाळी’.

१९९७ साली माझं लग्न झालं, सासर पार्ल्यात. घरात नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी, भिंतीला तंबोरा. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. पहिल्या दिवाळीआधी बाबा दिवाळसणाचं आमंत्रण द्यायला आले. मी फोनवर सहज म्हटलं होतं की तुमची गाणी ऐकून किती दिवस झाले, म्हणून येताना ती कॅसेट घेऊन आले. सासूबाई आत चहा टाकत होत्या. मी डेकमध्ये कॅसेट घातली. अर्धं गाणंही झालं नसेल, मोठे दीर आतून बाहेर आले, बटण दाबून बंद केलं आणि मला म्हणाले, “ही टॅक्सीवाल्यांची गाणी या घरात नकोत.”

बाबा समोर सोफ्यावर बसले होते. अंगावर धुतलेला पांढरा शर्ट होता, खाकी मुद्दाम बदलून आले होते. भाऊजींना ते काय काम करतात हे माहीत होतं, बोलताना लक्षात राहिलं नाही. कदाचित. बाबांनी चहा पूर्ण प्यायला, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “निघतो, गाडी खाली लावलीय.” कॅसेट डेकमध्येच राहिली. त्यांनी मागितली नाही, आणि माझी काढून द्यायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर बाबा त्या घरात वर आलेच नाहीत. १४ वर्षं. खालून फोन करायचे, मी उतरायची, टॅक्सीत बसून आम्ही बोलायचो. माझ्या मुलाचं बारसं झालं तेव्हाही हॉलवर आले, घरी नाही.

म्हणून ‘ही गाणी वाईट आहेत का’ हा प्रश्न मला नुसता आवडीनिवडीचा वाटत नाही. गाणं कोण ऐकतं ते बघून लोक त्याची किंमत ठरवतात. भाऊजींचं लाडकं गाणं ‘कळत नकळत’मधलं, ज्यासाठी अनुराधा पौडवालांना १९८९चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मलाही ते फार आवडतं. पण पुढच्याच वर्षी ‘आशिकी’ आला, त्यात गाणाऱ्या बाई त्याच, गळा तोच! मी एकदा हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, तो भाग वेगळा. काय वेगळा? बासरी, सतार, ढोलक तर ‘आशिकी’च्या संगीतकारांकडे, नदीम-श्रवणकडेही होती. कुमार सानूला ओळीने पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं, तेव्हा देशभर काय फक्त टॅक्सीवालेच राहत होते?

आणि ज्या नाट्यसंगीतासमोर आम्हाला गप्प बसवलं, त्यातल्या पेटीवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) निघत नाही, आपल्या संगीताला शोभत नाही म्हणून. १९५२ मध्ये केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओ सिलोन लावलं, बिनाका गीतमाला ऐकली, आणि १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. ती तेव्हा हलकी ठरवलेली गाणी आज सगळे डोळे मिटून ऐकतात. तुमच्या मित्रांना एवढं सांगा.

गेल्या डिसेंबरात भाऊजींच्या मुलाने लोअर परळला एका जागी नव्वदच्या गाण्यांची रात्र केली, तिकीट लावून. सगळी तीच गाणी, झंकारसकट. भाऊजींनी घरच्या ग्रुपवर त्याचे फोटो टाकले, खाली ‘अभिमान वाटतो’. पोराचं मलाही कौतुक आहे, छान वाजवतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही विचारलं होतं की लाज न वाटता ऐकायचं कसं. मला एवढंच सुचतं की ज्याच्यासोबत ते गाणं पहिल्यांदा ऐकलंत त्याची आठवण करा आणि मग आवाज कमी करून बघा, हात पुढे होत नाही. शक्य असेल तर चालत्या गाडीत काचा खाली करून ऐका. लोकलमध्ये मात्र मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, त्याचा लोकांना खरोखर त्रास होतो. आणि सगळंच चांगलं होतं असंही नाही. संथ गझलेवर चढवलेला झंकार मलाही ऐकवत नाही. चालीही सर्रास उचललेल्या असायच्या, मित्र त्यावरून बोलले तर ते मान्य करा.

२९ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती बातमी बघायला बाबा नव्हते. डेक माझ्याकडे आहे, अजून चालतो, महिन्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसते.

भाऊजी, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो जुना म्युझिक सिस्टम आणि खालचा कॅसेटचा खण तुमच्याकडे गेला. ‘रात्रपाळी’ त्यातच असेल. ती मला परत हवी आहे. पोराच्या हातून पाठवलीत तरी चालेल.